ट्रेलरचं झाकण कुणीकडून उघडावं?

ऑस्ट्रेलियात मोटारीमागे जोडायच्या छोट्या ट्रेलरला ‘सिक्स बाय फोर’ म्हणतात. सहा फूट लांब, चार फूट रुंद अशी वरून उघडी लोखंडी पेटी, खाली दोन चाकं, पुढे मोटारीला अडकवायची दांडी आणि मागे खाली पडणारा फाळका. मेलबर्न-सिडनीकडच्या मराठी घरांनाही हे वाहन ओळखीचं आहे. घर बदलायचं असलं, बागेतला पालापाचोळा टाकायचा असला, कुणाचा जुना सोफा आणायचा असला की तो भाड्याने आणतात. पुढे कुणी स्वतःचाच विकत घेतो, कधीतरी आतलं सामान भिजतं आणि झाकण बसवायचं ठरतं. पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा की लोखंडी, यावर घरात भरपूर चर्चा होते. बिजागऱ्या कोणत्या बाजूला, हे मात्र वेल्डिंगवाल्याने विचारल्यावर तिथल्या तिथे, उभ्या उभ्या ठरतं.

खरं तर पत्रा नंतर बदलता येतो. बिजागरीची बाजू बदलायची म्हणजे सगळं काम पुन्हा काढायचं. म्हणून हा प्रश्न आधी सोडवलेला बरा.

पर्याय चार. बिजागरी पुढे, म्हणजे मोटारीकडच्या कडेला असली तर झाकण मागून उचललं जातं. बिजागरी मागे असली तर पुढून. उजव्या किंवा डाव्या कडेला असली तर तिच्या विरुद्ध बाजूने. आणि चौथा, पेटीच्या मधोमध लांबीभर आडवी पट्टी टाकून दोन्हीकडे पंखांसारखी उघडणारी दोन झाकणं.

बहुतेक जण पहिला विचार करतात तो उघडायला सोपं काय याचा. मी उलट सुरुवात करीन: कडी लावायची राहिली, किंवा रस्त्यात निघाली, तर काय होईल? महामार्गावर मोटार ताशी १०० किलोमीटरने धावते आहे असं धरा. या वेगाच्या वाऱ्यासमोर सपाट फळी आडवी धरली, तर तिच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण ४७ किलोचा दाब पडतो. सहा बाय चारचं झाकण सव्वादोन चौरस मीटरचं. ते पूर्ण उभं राहिलं तर शंभर किलोच्या आसपास रेटा. प्रत्यक्षात पुढे मोटार असते, तिच्या मागची हवा घुसळलेली असते, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण वीस किलोचं झाकण फेकून द्यायला याचा चौथा हिस्साही पुरतो.

आता बिजागरी मागे आहे असं समजा. झाकणाची पुढची कड बोटभर उचलली गेली की हवा तिच्याखाली शिरते. जितकं उचललं जाईल तितकी जास्त हवा आत, आणि जितकी जास्त हवा तितकं आणखी उचललं जाणार. सोसाट्याच्या वाऱ्यात छत्री पलटते तसं ते मागे पलटतं आणि बिजागऱ्या तुटल्या तर मागच्या गाडीच्या काचेवर जातं. बिजागरी पुढे असली तर हाच वारा आपल्या बाजूने काम करतो. झाकण मागून उचललं गेलं तरी त्याची बाहेरची बाजू वाऱ्यासमोर येते आणि वारा ते परत खाली दाबतो. कडी नसली तर फडफडेल, आवाज करील, पण जागेवर राहील. बाजूची बिजागरी या दोहोंच्या मध्ये. सरळ वाऱ्याचं तिला फारसं देणंघेणं नाही, पण आडवा वारा आला किंवा शेजारून मोठा ट्रक गेला की त्या झोताने झाकण उचललं जाऊ शकतं.

मग चौकस वाचक विचारील, मोटारींची बॉनेटं तर बहुतेक सगळी काचेकडच्या बिजागरीवर असतात आणि पुढून उघडतात, ती कशी चालतात? चालतात, कारण त्यांना दोन कड्या असतात. आतला खटका ओढल्यावर बॉनेट थोडंसंच वर येतं, आणि मग फटीत बोटं घालून दुसरी कडी सोडवावी लागते, ती याचसाठी. उघडलेलं बॉनेट चालकाची समोरची नजर अडवणार असेल तर अशी दुहेरी सोय हवीच, असं अमेरिकेच्या वाहनसुरक्षा नियमांतला ११३ क्रमांकाचा नियम सांगतो. जग्वार ई-टाइप, साब ९०० किंवा १९८० च्या दशकातली बीएमडब्ल्यू थ्री सीरिज या गाड्यांत बिजागरी पुढे ठेवली होती. तिथे बॉनेट सुटलं तरी वाराच ते दाबून धरतो. पण इंजिनवर काम करणाऱ्याला पुढून वाकायला जागा हवी असते, म्हणून ही पद्धत सरसकट रुजली नाही. सोय आणि सुरक्षितता यांची ओढाताण इथेही आहेच.

ट्रेलरच्या बाबतीत मागची बिजागरी सोयीचीही नाही. झाकण उघडायला दांडीपाशी, मोटार आणि पेटी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत उभं राहावं लागतं. त्यात डिकी वर उघडणारी असली तर अंग चोरून. शिवाय झाकण मागे लोंबलं की दिवे आणि नंबरप्लेट झाकली जाते. हा पर्याय मी इथेच बाद करतो.

आता ट्रेलर उभा असताना काय होतं ते पाहू. त्याचं निम्म्याहून जास्त आयुष्य उभं राहण्यात जातं. चौकटीसकट झाकण २० किलोचं धरलं, तर कडेला धरून उचलताना हाताला सुरुवातीला निम्मं, म्हणजे १० किलो वजन लागतं, मग बिजागरी पुढे असो की बाजूला. फरक पडतो तो उंचीचा. पेटीची वरची कड जमिनीपासून मीटरभर उंच असते. पुढच्या बिजागरीवर झाकण ६० अंशांपर्यंत उघडलं तर त्याचं टोक २.६ मीटरवर जातं. साडेपाच फुटी माणसाचा हात तिथे पोचत नाही. बंद करायला दोरी बांधून ठेवावी लागते. बाजूच्या बिजागरीवर तेच टोक दोन मीटरच्या आसपास थांबतं. तिथल्या घरगुती गॅरेजची दारं साधारण २.१ मीटर उंच असतात, तेव्हा दाराच्या चौकटीखाली ट्रेलर उभा करून सामान काढायची सवय असेल तर पुढची बिजागरी सारखी ठोकरत राहील.

याउलट, सामान कुठून भरायचं हे विचारलं की पारडं पुन्हा फिरतं. पुढची बिजागरी असलेलं झाकण उचलून मागचा फाळका पाडला की मागची बाजू पूर्ण मोकळी. वॉशिंग मशीन, कपाट, लांब पाइप सरळ आत ढकलता येतात, आणि उजवीकडून डावीकडूनही हात घालता येतो. अडचण एकच, पुढच्या कोपऱ्यातली. झाकण ४५ अंशांत उघडलं असताना बिजागरीपासून एक फुटावर फट फक्त एक फुटाची असते. तिथे ठेवलेला स्पॅनर काढायचा म्हणजे कसरत. बाजूची बिजागरी असेल तर पूर्ण लांबी समोर येते, पण चार फुटांपलीकडचं सामान गाठायला पोट कडेवर टेकवून ओणवं व्हावं लागतं.

बाजूचीच निवडायची ठरली तर बिजागरी उजव्या कडेला ठेवा. ऑस्ट्रेलियात आपल्यासारखंच डावीकडून वाहन चालवतात. रस्त्याकडेला थांबल्यावर फुटपाथ डाव्या हाताला येतो, आणि उघडणाऱ्याने तिथेच उभं राहायला हवं. मात्र झाकण ९० अंशांपलीकडे पडलं तर ते उजवीकडे, थेट वाहतुकीत डोकावतं. म्हणून ८० अंशांच्या अलीकडे अडवणारी साखळी किंवा पट्टा लागतोच. जर्मनी किंवा अमेरिकेतल्या वाचकांनी हे सगळं उलटं वाचावं, तिथे फुटपाथ उजव्या हाताला असतो.

८० अंशांवर थांबवलेलं झाकण आपोआप बंद होऊ पाहतं, म्हणून टेकू हवा. साधी लोखंडी सळई चालते, पण हल्ली बहुतेक जण डिकीला असतात तसे गॅस स्ट्रट लावतात. त्यांची ताकद न्यूटनमध्ये लिहिलेली असते आणि दुकानदाराला विचारलं तर तो हमखास जास्तच ताकदीचा देतो. हिशोब अवघड नाही. बाजूच्या बिजागरीत झाकणाचं वजन बिजागरीपासून ६१ सेंटिमीटरवर पडतं, पुढच्या बिजागरीत ९१ सेंटिमीटरवर. स्ट्रटची रेषा बिजागरीपासून २० सेंटिमीटर दूर जाते असं धरलं, तर पहिल्या झाकणाला दोन्ही बाजूंना प्रत्येकी सुमारे ३०० न्यूटनचा स्ट्रट पुरतो, दुसऱ्याला ४५० न्यूटनचा लागतो. झाकण बंद असताना स्ट्रट जवळजवळ आडवा झोपतो, त्याचं बिजागरीपासूनचं अंतर कमी होतं आणि जोर लागू पडत नाही. त्यामुळेच सुरुवातीला उचलायला जड वाटतं आणि पुढे झाकण आपसूक वर जातं. फार ताकदीचा स्ट्रट लावला तर पत्रा वाकतो आणि कडी सोडताच झाकण तोंडावर येतं.

स्ट्रट आतल्या दाबाखालच्या वायूवर चालतो, हेही लक्षात ठेवावं. मेलबर्नच्या उन्हाळ्यात ४० अंशांवर तोललेलं झाकण हिवाळ्यातल्या ५ अंशांच्या सकाळी दहाव्या हिश्श्याहून थोडं जास्त बळ गमावतं आणि हळूहळू खाली येतं. जोर हिवाळ्याच्या हिशोबाने ठरवा. आणि झाकण बंद असताना स्ट्रटचा बारीक दांडा खालच्या दिशेला राहील असा बसवा. आतलं तेल सीलवर राहतं आणि स्ट्रट जास्त टिकतो.

उभ्या ट्रेलरलाही वारा लागतो. ताशी ४० किलोमीटरचा वारा उघड्या झाकणावर १६ ते २० किलोचा रेटा देतो, म्हणजे जवळपास त्याच्या स्वतःच्या वजनाइतका. पुढच्या बिजागरीत हा रेटा चार फुटांच्या तोकड्या कडेवर, सहा फुटांच्या लांब दांड्याने येतो, आणि आडव्या वाऱ्यात झाकण पिळवटतं. बाजूच्या बिजागरीत सहा फुटांची कड तोच भार तीन बिजागऱ्यांत वाटून घेते. नुसती मजबुती पाहिली तर बाजूचीच सरस.

पाणी आणि धूळ यांचं गणित वेगळं. पाणी शिरतं ते बिजागरीच्या फटीतून, कारण बाकी तीन कडांना झाकणाचा पत्रा खाली दुमडून ओठ काढता येतो, तिथे काढता येत नाही. पुढची बिजागरी धावताना पावसाला थेट सामोरी असते. तिच्यावर बाहेरून रबराची पट्टी ठोकल्याशिवाय गत्यंतर नाही. धूळ मात्र मागून येते. धावत्या पेटीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि तिथली फट कच्च्या रस्त्यावरची धूळ आत ओढते. ऑस्ट्रेलियातले भटके लोक कॅम्पर ट्रेलरच्या छतावर पुढे तोंड असलेली झडप बसवतात ती यासाठीच. तिच्यातून गाळलेली हवा आत भरली की आतला दाब वाढतो आणि धूळ बाहेरच राहते. पुढच्या बिजागरीचं झाकण नेमकं मागे उघडतं, तेव्हा लाल मातीच्या रस्त्यांवर जाणाऱ्याने मागच्या रबरी सीलवर पैसे वाचवू नयेत.

कडीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, जरी ती विमानाची असली. प्रवाशांची दारं बहुधा आतून भोकात बूच बसावं तशी बसतात, आतला दाबच त्यांना घट्ट धरतो. डीसी-१० विमानाच्या मालाच्या कप्प्याचं दार बाहेर उघडणारं होतं, कारण आत उघडणारं दार मालाची जागा खातं. मग सगळा भार कड्यांवर आला. जून १९७२ मध्ये कॅनडातल्या विंडसरवर असं एक दार उडालं, विमान कसंबसं उतरलं. ३ मार्च १९७४ रोजी तुर्की एअरलाइन्सच्या विमानाचं तसंच दार पॅरिसजवळ उडालं आणि ३४६ माणसं गेली. हँडल बंद दिसत होतं, आतल्या कड्या पूर्ण बसल्या नव्हत्या. ट्रेलरवर एवढं संकट नाही, पण धडा तोच: कडी पूर्ण बसली नसेल तर ते बाहेरून दिसायला हवं. म्हणून दोन टोकांना दोन ओढून बसवायच्या लॅच आणि प्रत्येकीत आरपार जाणारी खिटी. खिटी आत जात नसेल तर लॅच बसलेली नाही. बाजूने उघडणाऱ्या झाकणाला तर पुढच्या कोपऱ्यातली लॅच हवीच, वारा तिथूनच शिरतो.

राहिला पंखांचा पर्याय. ‘यूट’वर, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीवर, अवजारांच्या पेट्या घेऊन फिरणारे तिथले प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन तो पसंत करतात. प्रत्येक झाकण दोन फुटांचं, दहा किलोचं, एका हाताने उघडतं. पण मधली पट्टी आडवी येते, कपाट वरून उतरवता येत नाही, आणि मधल्या सांध्यावर टोपी बसवली नाही तर पाणी नेमकं मधोमध गळतं. शिवाय पट्टीचं वजन वाढतं. ब्रेक नसलेल्या ट्रेलरला तिथे चाकांवर सामानासकट ७५० किलोंची मर्यादा आहे, आणि झाकणाचा प्रत्येक किलो त्यातूनच वजा होतो.

माझा कौल असा: महिन्यातून एखाद्‌दोनदा घरगुती सामान घेऊन महामार्गावर जाणाऱ्याने बिजागरी पुढे ठेवावी. उंची पुरत नसेल तर झाकण आडवं दुभागून फक्त मागचा भाग उघडता ठेवावा, पुढचा पक्का. रोज रस्त्याकडेला थांबून अवजारं काढणाऱ्याने उजवी बिजागरी आणि दोन लॅच घ्याव्यात, किंवा सरळ पंख. भोकं पाडण्याआधी त्याच मापाचा पुठ्ठा चिकटपट्टीने लावून, ट्रेलर मोटारीला जोडून आणि डिकी पूर्ण वर करून, नेहमीच्या जागी एकदा उघडून पाहा. डिकीचं दार आणि झाकण एकमेकांवर आपटतात की नाही, हे कागदावरच्या नकाशात कधीच कळत नाही.