पितळ कुठे, प्लास्टिक कुठे

जुन्या जावा मोटारसायकलला किक मारण्याआधी कार्बोरेटरवरचं एक बारीक बटण दाबतात. त्याला टिकलर म्हणतात. बटणाखालची काडी आतल्या पोकळ, तरंगत्या फ्लोटला पेट्रोलमध्ये बुडवते, सुईने अडवलेली वाट मोकळी होते, चेंबर काठोकाठ भरतं आणि दोन थेंब बोटावर येतात. बोट ओलं झालं की किक मारायची. बटण न दाबताच बोट ओलं होऊ लागलं, तर मात्र फ्लोटने दगा दिला असं समजायचं. गाडी रात्रभर स्टँडवर राहिली की सकाळी फरशीवर तेलकट डाग दिसतो. पेट्रोल उडून गेलेलं असतं, त्यात मिसळलेलं टू-टी ऑइल तेवढं मागे राहतं.

माझ्या गाडीखाली असा डाग पडू लागला, तेव्हा ती घेऊन मी म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या एका गॅरेजात गेलो. गॅरेज म्हणजे एक शटर, पुढे ताडपत्री आणि ताडपत्रीखाली कायम दोनचार जावा-येझदी. मिस्त्री सत्तरीचे. सगळे त्यांना चाचा म्हणतात, आणि ते समोर कोणीही असो, त्याला ‘सार’ म्हणतात. बोलणं दखनी. मी मराठी वळणाच्या हिंदीत बोलतो, पण त्यांना आणि मला एकमेकांचं बोलणं कधी अडलं नाही.

ही गाडी दुरुस्त करायला याहून योग्य गाव नाही. मुंबईच्या इराणी मंडळींनी उभी केलेली आयडियल जावा कंपनी इथलीच. यादवगिरीतल्या कारखान्याचं उद्घाटन १९६१ मध्ये जयचामराजेंद्र वडियार यांच्या हस्ते झालं. चेकोस्लोव्हाकियातल्या जावाचा परवाना संपल्यावर त्याच कारखान्यातून १९७३ पासून येझदी या नावाने गाड्या निघू लागल्या. १९७८ मध्ये रोडकिंग आली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. आर. के. नारायण यांचं घरही याच यादवगिरीत आहे. त्याचं आता संग्रहालय झालंय आणि लोक ते बघायला जातात. कारखान्याची आठवण मात्र संग्रहालयात ठेवायची गरज पडलेली नाही, कारण ती अजून रस्त्यावर धावते आणि फटफट आवाज करते.

कारखाना गेला, गाड्या राहिल्या, आणि सुट्या भागांची पंचाईत सुरू झाली. मूळ भाग संपत गेले तशी त्यांची जागा नकलांनी घेतली. नकलेत सगळ्यात आधी धातू जातो. पितळी पत्रा कापून, वाकवून, डाग देऊन फ्लोट बनवायला हात लागतो. प्लास्टिकचा साच्यातून भराभर पडतो. माझ्या कार्बोरेटरमध्ये असाच एक निनावी फ्लोट निघाला. चाचांनी तो कानाशी धरून हलवला आणि मला दिला. आत पेट्रोल डुचमळत होतं. दोन अर्ध्या वाट्या चिकटवून तो बनवलेला, आणि जोडावर केसाएवढी फट पडलेली.

‘याला चिकटवता येणार नाही?’

‘नक्को सार. कशाने चिकटवणार? जे चिकटवेल ते पेट्रोल खाऊन टाकेल.’

त्यांनी एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा उपडा केला. त्यातून जेट, सुया, स्प्रिंगा आणि काळपट पडलेले तीनचार पितळी फ्लोट निघाले. सगळे कुठल्या ना कुठल्या मेलेल्या गाडीतून काढून ठेवलेले, आणि सगळे गळके. त्यातला एक त्यांनी निवडला. पुढची दुपार त्या फ्लोटवरच गेली, आणि मला ती पुरेपूर बघायला मिळाली.

शेजारच्या चहावाल्याकडून स्टीलच्या डब्यात कढत पाणी आलं. फ्लोट त्यात चिमट्याने दाबून धरला. आतली हवा तापून फुगते आणि जिथे भोक असेल तिथून बुडबुड्यांची माळ निघते. ती निघाली ती पत्र्यातून नव्हे, जुन्या डागाच्या कडेने. सुईने तिथे खूण केली. मग भोकाची बाजू खाली करून फ्लोट पुन्हा पाण्यात धरला. पेट्रोल चाळीस अंशांच्या आतबाहेरच उकळू लागतं. त्याची वाफ आत दाब धरते आणि उरलंसुरलं पेट्रोल त्याच भोकातून बाहेर ढकलते. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग आला. तवंग वाढायचा थांबेपर्यंत चाचा काहीही न बोलता बसून होते. थोडं जरी पेट्रोल आत राहिलं आणि वर तापलेली सोल्डरिंग आयर्न टेकली, तर तो फ्लोट फटाक्यासारखा फुटतो. म्हणून नंतर वरच्या बाजूला मुद्दाम आणखी एक भोक पाडलं, आरपार फुंकर मारली आणि फ्लोट उन्हात ठेवला.

डाग देण्याचं काम मिनिटभराचं, त्याच्या आधीची घासणी मात्र बराच वेळ चालली. खालची जुनी फट बुजली तरी वरचं भोक उघडंच ठेवलं होतं. का, ते विचारलं. आतली हवा गरम असताना सगळं बंद केलं, तर ती निवताना आकसते आणि वितळलेलं कथील आत ओढून घेते. तिथे पुन्हा बारीक भोक राहतं. म्हणून फ्लोट पूर्ण निवू द्यायचा आणि शेवटच्या भोकाला कथलाचा एक ठिपका टेकवून लगेच हात काढायचा. मग सोड्याच्या पाण्यात धुवायचा, नाहीतर डागासाठी लावलेलं तेजाब पितळ खात बसतं. शेवटी वजन. चाचांकडे सोनाराकडे असतो तसा छोटा काटा आहे. फ्लोट जड झाला तर तो पेट्रोलमध्ये जास्त बुडतो, सुई उशिरा बंद होते, चेंबरमधली पातळी चढते आणि गाडी काळा धूर ओकते. जादा कथील कानशीने उतरवत उतरवत त्यांनी तो दुसऱ्या एका गाडीतल्या चांगल्या फ्लोटच्या वजनाला आणला.

हे सगळं बघताना माझ्या लक्षात एक गोष्ट आली. प्लास्टिक वाईट आणि पितळ चांगलं, असं हे सरळ गणित नव्हतं. हा पितळी फ्लोटही गळलाच होता. पण त्याचं गळणं शोधता आलं, उघडता आलं आणि बुजवता आलं. पुष्कळ कार्बोरेटरांत पितळी फ्लोटची जीभ चिमटीने किंचित वाकवून पेट्रोलची पातळी वरखाली करता येते. जिथे ही जीभ फ्लोटबरोबरच प्लास्टिकमध्ये ओतलेली असते, तिथे ती वाकत नाही. वाकवायला गेलात तर मोडते. म्हणजे साच्यातून जी पातळी आली तीच तुमच्या नशिबी.

इंधनही बदललंय. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळूरमध्ये जाहीरपणे बाजारात आलं, आणि आता पंपावर दुसरं काही शोधावं लागतं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. ओल ठरावीक प्रमाणापलीकडे गेली की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाला बसतात, आणि तळालाच तर पेट्रोलचा कॉक असतो. काही प्लास्टिक आणि रबरं इथेनॉलने फुगतात. पण धातूही सुटत नाही. कार्बोरेटरचं अंग बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव असतं, आणि पाणी मिसळलेल्या इथेनॉलमुळे त्यावर पांढरी बुकटी चढते. ती बुकटी जेटच्या भोकात बसली की गाडी अर्ध्या थ्रॉटलवर गुदमरते. चाचांचा त्यावरचा इलाज साधा आहे. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून इंजिन चालू ठेवायचं आणि चेंबर रिकामं होऊन ते आपोआप बंद पडू द्यायचं.

कॉकचंही काम निघालं होतंच. टाकीत कॉकच्या दोन वाटा असतात, एक उंच नळीतून आणि एक तळालगत. पेट्रोल उंच नळीच्या खाली गेलं की गाडी आचके देते, आपण ‘रिझर्व्ह लागला’ म्हणतो आणि कॉक फिरवतो. बाजारातल्या स्वस्त कॉकमध्ये ही उंच नळी प्लास्टिकची असते आणि ती बुडातून मोडते. मोडल्याचं बाहेरून काही कळत नाही. गाडी सुरळीत चालते, उलट रिझर्व्ह लागतच नाही म्हणून आपण खूश. मग एक दिवस केआरएस धरणाच्या रस्त्यावर ती थांबते, आपण कॉक फिरवतो आणि तिथेही काही नसतं. चाचांनी मोडकं बूड काढलं, त्या मापाची पितळी नळी शोधली, टोक किंचित फुगवून ती भोकात ठोकून बसवली. कोल्हापुरात हे काम निघालं असतं तर मी उद्यमनगरात जाऊन लेथवर करून घेतलं असतं आणि मापात शंभरावा भाग धरून बसलो असतो. इथे हातोडीच्या तीन ठोक्यांत झालं, आणि पाझरत नाही.

मग मला उत्साह आला. म्हटलं, कॉकपासून कार्बोरेटरपर्यंतची पारदर्शक नळीही काढा, तांब्याची लावू. ती पीव्हीसीची नळी पेट्रोलमध्ये राहून कडक होते, कारण तिला मऊ ठेवणारं द्रव्य पेट्रोल धुऊन नेतं. मग ती पिवळी पडते, आखडते आणि क्लिपेजवळ चिरते. चाचांनी मान हलवली. इंजिन हलतं, टाकी वेगळी हलते. तांब्याची नळी या दोघांच्या मध्ये रोज थोडी थोडी वाकते, वाकून वाकून कडक होते आणि एक दिवस बरोबर जोडावर तडकते. शिवाय सिलिंडरची ऊब ती सरळ आत घेऊन जाते; उन्हाळ्यात नळीतच वाफ धरली तर पेट्रोल उतरत नाही. त्यांनी व्हायटॉन रबराची काळी नळी लावली. इथेनॉल तिला फारसं काही करत नाही. प्लास्टिकचा कागदी फिल्टर मात्र त्यांनी काढून फेकला. तो पंप असलेल्या गाड्यांसाठी असतो. इथे टाकीतून पेट्रोल केवळ स्वतःच्या वजनाने उतरतं, त्या कागदातून त्याला धार मिळत नाही. कॉकच्या तोंडाशी पितळी जाळी आहे, तेवढी पुरे.

शेजारीच एका पोराची नवी इंजेक्शनची गाडी उघडून ठेवलेली. टाकीखालच्या पंपाला नळी जोडणारा प्लास्टिकचा कनेक्टर चिरला होता. इथे मात्र चाचांनी क्षणभरही विचार केला नाही, धातूचाच मागवला. या गाड्यांत पंप सुमारे तीन बारने पेट्रोल ढकलतो. माझ्या गाडीत टाकी ते कार्बोरेटर एवढ्या उंचीचा जो दाब, त्याच्या हा शंभरपटींहून जास्त. तिथे चीर पडली तर थेंब पडत नाही, फवारा उडतो, आणि खाली तापलेलं इंजिन असतं. नवा कनेक्टर बसवताना त्यांनी आतली ओ-रिंग काढून उजेडात धरली, नखाने दाबून पाहिली आणि बदलली. धातू टिकेल, पण गळती अडवते ती रबराची रिंगच, एवढं त्या पोराला ऐकवलं.

शेवटी कॉकचा लिव्हर उरला. तो प्लास्टिकचा, टोकाला तुटलेला. मी खिशातून पितळी लिव्हर काढला. ऑनलाइन मागवलेला, चकचकीत, माझ्या मते सगळ्या कामावर कळस. चाचांनी तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि परत दिला.

‘गाडी डाव्या अंगावर पडली तर?’

मी गप्प.

‘प्लास्टिकचा असेल तर लिव्हर मोडेल. हा मोडणार नाही, हा कॉकलाच उखडून काढेल. टाकीभर पेट्रोल रस्त्यावर.’

डब्यातून त्यांनी काळा प्लास्टिकचा लिव्हर काढून बसवला, दोनदा फिरवून पाहिला, आणि तसलाच आणखी एक शोधून माझ्या हातावर ठेवला. तो मोडेल तेव्हा हा लावायचा, म्हणाले. स्क्रू तोच चालतो, तो तेवढा हरवू नका.