आवाज कोठें हरपतो?

लोह्यास आमचे घरीं चिरंजीव गिटार वाजवूं लागले कीं ध्वनिवर्धकाचा आवाज मध्येंच हरपे आणि आपोआप परते. नवें यंत्र घेण्याचा बेत ठरतच होता. परंतु आम्हीं आधीं वायर बदलून पाहिली. दोष तसाच! मग वीज बंद करून जॅक खोबणींत चार-सहा वेळां घालून काढला; आंतील मळ घासला गेला व आवाज स्थिरावला. मधूनमधून उद्भवणारा दोष बहुधा महागड्या भागांत नसून सांध्यांत असतो: वायरीच्या टोंकांत, खोबणींत, सुटत आलेल्या डाखांत. म्हणून एका वेळीं एकच वस्तु बदलून पाहावी. यंत्राची पेटी मात्र वाचकांनीं उघडूं नये. वीज तोडल्यावरही, विशेषतः व्हॉल्व्हच्या यंत्रांत, कपॅसिटरमध्यें विजेचा प्राणघातक सांठा राहूं शकतो. तेवढें काम जाणत्या कारागिरावरच सोंपवावें.