एचटीटीपी टाइप केले, एचटीटीपीएस उघडले

ॲड्रेस बारमध्ये पत्ता 'एचटीटीपी'ने सुरू केला, तरी ब्राउझर परस्पर 'एचटीटीपीएस'कडे वळतो. बँकेच्या किंवा रेल्वे आरक्षणाच्या साइटवर असे झाले तर कोणाची तक्रार नसते. अडते ते राउटरचे सेटिंग, ऑफिसातला जुना प्रिंटर किंवा स्वतःच्या संगणकावर तपासायला ठेवलेली साइट उघडताना. तिथे सुरक्षित जोडणीची सोयच नसते आणि पान उघडत नाही.

ही वळवणूक तीन ठिकाणांहून होऊ शकते : सर्व्हर, ब्राउझरचे सेटिंग किंवा ब्राउझरची स्मरणशक्ती. दोष कुठला हे न पाहताच सगळी हिस्ट्री पुसण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने सगळीकडचे लॉगिन मात्र जातात, आणि दोष सर्व्हरचा असेल तर हाती काहीच लागत नाही.

सर्व्हरची तपासणी सोपी आहे. कमांड लाइनवर 'कर्ल'ने तोच पत्ता मागवावा. कर्ल सहसा मागचे काही लक्षात ठेवत नाही, त्यामुळे उत्तरात ३०१ किंवा ३०२ हा आकडा आणि नवा पत्ता आला, तर वळवणारा सर्व्हरच. मग दुरुस्ती त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये किंवा वर्डप्रेससारख्या प्रणालीत नोंदवलेल्या साइटच्या पत्त्यात करावी लागते. कर्लला सरळ पान मिळाले, तर मात्र संशय ब्राउझरवर.

क्रोममध्ये डेव्हलपर टूल्सचा नेटवर्क टॅब उघडून पान पुन्हा मागवले की पहिल्याच ओळीत बरेच कळते. तिथे ३०७ आणि 'इंटर्नल रीडायरेक्ट' दिसले, तर विनंती संगणकाबाहेर गेलेलीच नाही. ब्राउझरने ती आतल्या आत बदलली. ३०१ दिसून शेजारी डिस्क कॅशचा उल्लेख असेल, तर सर्व्हरने पूर्वी कधी तरी दिलेले 'कायमचे स्थलांतर' ब्राउझर अजून पाळतो आहे. त्यासाठी कॅश पुसणे पुरते.

आतल्या बदलामागे बहुधा एचएसटीएस हा नियम असतो. २०१२ साली तो प्रमाणित झाला. साइट सुरक्षित जोडणीवरून एक हेडर पाठवते : अमुक सेकंद माझ्याकडे एचटीटीपीने येऊ नकोस. ३,१५,३६,००० म्हणजे एक वर्ष, हा आकडा नेहमी दिसतो. वाटेत कोणी जोडणीवरचे कवच काढून टाकू नये, यासाठीची ही तजवीज; म्हणूनच प्रमाणपत्रात खोट निघाली, तर अशा साइटवर 'तरीही पुढे जा' हा पर्याय मिळत नाही. नियम पोर्टनुसार नसून नावानुसार लागतो. एका पोर्टवरच्या प्रकल्पाने तो हेडर पाठवला की त्याच नावाच्या दुसऱ्या पोर्टवरचा निरपराध प्रकल्पही अडकतो. आकड्यांतल्या आयपी पत्त्याला मात्र नियम लागू नाही, त्यामुळे राउटर नावाऐवजी आकड्यांनी उघडून पाहावा.

नोंद काढण्यासाठी क्रोममध्ये 'नेट-इंटर्नल्स' हे आतले पान आहे. त्याच्या एचएसटीएस विभागात डोमेनचे नाव घालून आधी चौकशी करावी, मग नोंद पुसावी. मूळ डोमेनचा नियम उपडोमेनलाही लागू असेल, तर पुसायची नोंद मूळ डोमेनची. फायरफॉक्समध्ये हिस्ट्रीतल्या साइटवर राइट-क्लिक करून 'फर्गेट अबाउट धिस साइट' निवडता येते. त्यासोबत त्या साइटच्या कुकीही जातात. मात्र सर्व्हर हेडर पाठवतच राहिला, तर सुरक्षित जोडणीच्या पुढच्याच भेटीत नोंद परत येते. तो आपलाच असेल, तर हेडरमधली मुदत शून्य करून सुरक्षित जोडणीवरूनच एकदा पाठवावी.

चौकशीत 'स्टॅटिक' नोंद निघाली, तर पुसण्यात अर्थ नाही. ते नाव ब्राउझरसोबतच येणाऱ्या यादीत आहे. डिसेंबर २०१७मध्ये क्रोमच्या ६३व्या आवृत्तीत '.डेव्ह'ने संपणारी सगळी नावे या सक्तीखाली आली आणि चाचणीसाठी ती वापरणाऱ्यांची चांगलीच पंचाईत झाली. तिथे नाव बदलणे हाच मार्ग, '.टेस्ट' अशा कामासाठी राखून ठेवलेलेच आहे.

नोंद कुठेच नसेल, तर उरते सेटिंग. क्रोममध्ये 'ऑलवेज यूज सिक्युअर कनेक्शन्स' आणि फायरफॉक्समध्ये 'एचटीटीपीएस-ओन्ली मोड' चालू आहे का ते पाहावे. फायरफॉक्समध्ये तेवढ्या एका साइटपुरता अपवाद जोडता येतो. सगळे संरक्षण बंद करण्याची गरज नाही.