आपल्या काळ्या पाषाणात जीवाश्म का सापडत नाहीत?

सहावीच्या भूगोलात खडकांचे प्रकार शिकवायला घेतले की एक प्रश्न हमखास येतो : "आपल्याकडं डायनासोर सापडंल का?" पुस्तकात स्तरित खडकांसोबत जीवाश्म येतात. मुलांना तेवढाच भाग आवडतो आणि आपण तो दोन ओळींत संपवतो. सोनारीसारख्या गावात शिकवणाऱ्यानं मात्र इथं थोडं थांबायला हवं. कारण "आपल्याकडं नाही" हे उत्तर अर्धंच खरं आहे.

आधी पायाखालचं पाहू. परंडा तालुक्यात विहिरीचं काम पाहिलेल्या कुणालाही थर तोंडपाठ असतात. वर काळी माती, खाली मुरूम, मग कच्चा दगड आणि मग सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे बेसाल्ट, थिजलेला लाव्हा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून लाव्हा वाहत आला आणि एकावर एक थर साचत गेले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर हा खडक पसरलेला आहे. विहिरीच्या कडेला मध्येच तांबड्या मातीचा पट्टा दिसला तर मुलांना तो जरूर दाखवा. एक थर थंड झाला, त्याच्या माथ्यावर ऊनपावसानं माती तयार झाली आणि मग वरून दुसरा लाव्हा आला. लाव्हाच्या दोन थरांमध्ये किती काळ जाऊ शकतो, हे समजवायला त्या पट्ट्याइतकं चांगलं साधन नाही.

हजार अंशांच्या पुढं तापलेल्या लाव्हाखाली प्राणी सापडला तर त्याचं काय उरणार? जीवाश्म व्हायला गाळ लागतो. मेलेला प्राणी कुजण्याआधी, कोल्ह्यालांडग्यांनी पांगवण्याआधी चिखलात किंवा वाळूत पुरला गेला पाहिजे. मग त्या गाळातून झिरपणारं पाणी हाडाच्या बारीक पोकळ्यांत खनिजं भरतं आणि हाडाचा दगड होतो. म्हणून मुलांना सांगायचं ते एवढंच : पाषाणात नको, गाळात शोधा.

याला अपवादासारखी दिसणारी एक गोष्ट आहे. दोन लाव्हांच्या मधल्या काळात कुठंकुठं तळी साचली आणि त्यांचा गाळ वरच्या थराखाली सुरक्षित राहिला. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशा गाळात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले. त्यांचं वर्णन १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी केलं. 'डायनासोर' हा शब्द ज्यांनी दिला तेच हे ओवेन. म्हणजे अपवाद दिसतो तिथंही जीवाश्म आहे तो गाळातच.

आता मुलं दप्तरातून जे आणतात त्याविषयी. पांढरे चकचकीत स्फटिक असलेला दगड हा हाडाचा तुकडा नसतो, ती गारगोटी किंवा झिओलाइट असतं. लाव्हातले वायूचे बुडबुडे पोकळ राहिले आणि त्यात नंतर खनिजं साचली. दगडाच्या फटीवर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली तरी तेही पान नाही, मँगनीजच्या खनिजानं तशी वाट धरलेली असते. ही नक्षी मोठ्यांनाही फसवते. पण मुलाला "हे काही नाही" म्हणू नका. ते काय आहे हे सांगितलं की पुढच्या आठवड्यात ते आणखी नीट बघून आणतं.

मग आपल्या भागात गाळाचा खडक अजिबातच नाही का? आहे, पण तो लाव्हाच्या खाली आहे. हे आपल्याला एका वाईट घटनेनंतर नेमकं कळलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट धाराशिव-लातूरच्या कुठल्याही घरात समजावून सांगावी लागत नाही. त्या भूकंपानंतर जमिनीच्या आत काय आहे हे पाहण्यासाठी शास्त्रज्ञांनी किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. वरचे ३३८ मीटर बेसाल्ट निघाला. त्याखाली अवघा ८ मीटर गाळाचा थर आणि मग शेवटपर्यंत अतिप्राचीन, ग्रॅनाइटच्या जातीचा खडक.

हे फळ्यावर काढा. एक मीटरला एक मिलिमीटर धरला तर उभी रेघ ६२ सेंटीमीटरची होते. वरचे ३४ सेंटीमीटर काळ्या रंगानं भरायचे, खालचे २७ गुलाबी. मध्ये पिवळ्या खडूला जागा उरते जेमतेम ८ मिलिमीटर. खडूच्या जाडीएवढी. लाव्हा यायच्या आधी इथं जी जमीन होती, जे पाणी वाहत होतं, त्याची खूण तेवढीच. एका छिद्रातून त्या थराचं सगळं आयुष्य वाचता येत नाही आणि ३३८ मीटर पाषाण उचलून कुणी बघणारही नाही.

पण हे पाषाणाचं झाकण सगळीकडं सारखं जाड नाही. सह्याद्रीकडं ते खूप जाड आहे, पूर्वेला विदर्भात पातळ होत होत संपतं. तिथं कडेला लाव्हा झिजून गेला आहे आणि खालचा गाळ उघडा पडला आहे. भूवैज्ञानिक त्याला लमेटा म्हणतात. जबलपूरजवळ नर्मदेवर लमेटा घाट आहे, त्यावरून हे नाव पडलं. तांबडी-हिरवी चिकणमाती, वाळूचा दगड, चुनखडी असा हा थर आहे. नद्या, पूरमैदानं आणि तळी यांनी तो टाकला, लाव्हा येण्याच्या थोडं आधी. डायनासोर या जगात होते तो शेवटचा काळ.

आपल्या महाराष्ट्रात हा थर पाहायचा तर चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडची पिसदुरा आणि डोंगरगाव ही गावं. एकोणिसाव्या शतकात नागपूरला असलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी या भागातले जीवाश्म गोळा केले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. पुढं डोंगरगावच्या टेकडीतून भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात एका प्रचंड, लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या डायनासोरची हाडं काढली. १९९७ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं आणि २००३ पासून तो 'इसिसॉरस' या नावानं ओळखला जातो. संस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून हे नाव आलं. आकडेमोड शिकवणाऱ्या संस्थेच्या नावाचा डायनासोर जगात दुसरा नसावा!

पिसदुऱ्याची खरी श्रीमंती मात्र हाडांत नाही, शेणात आहे. तिथं कासवांची, डायनासोरांची हाडं, गोगलगायींचे शंख मिळतातच, पण त्यांच्यासोबत दगड झालेली विष्ठा मोठ्या प्रमाणात मिळते. हे वर्गात सांगितलं की हशा होतो. होऊ द्या. चार्ल्स मॅटली नावाच्या अभ्यासकानं १९३९ मध्ये या 'शेणगोट्यांवर' स्वतंत्र निबंध लिहिला, आकारावरून त्यांचे प्रकार पाडले. प्राण्याचं हाड तो कसा होता ते सांगतं. त्यानं काय खाल्लं हे शेणच सांगू शकतं.

२००५ मध्ये लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातले मोठे गोटे तपासले. दगडाचे कण वेगळे करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा त्यात गवत निघालं. गवताचं पातं नव्हे, पात्यातले वाळूचे दाणे. हे आपल्या मुलांना शहरातल्या मुलांपेक्षा लवकर कळेल. ज्वारीच्या रानातून चालताना पात हाताला कापते की नाही? गवताच्या जातीतली झाडं जमिनीतून सिलिका, म्हणजे वाळूत असतं तेच द्रव्य, शोषून घेतात आणि पेशींमध्ये त्याचे बारीक दाणे साठवतात. ज्वारी, ऊस, भात, बांबू ही सगळी गवतंच. प्रत्येक गटाच्या दाण्याचा आकार वेगळा असतो. पान कुजतं, पोटात पचतं, पण हा दाणा तसाच राहतो, कोट्यवधी वर्षं.

पिसदुऱ्याच्या गोट्यांत किमान पाच प्रकारच्या गवतांचे दाणे मिळाले. त्यात आजच्या भाताच्या आणि बांबूच्या घराण्याशी नातं सांगणारेही होते. तोवर गवताचे निःसंशय जीवाश्म डायनासोर संपल्यानंतरच्या काळातलेच माहीत होते. डायनासोरांनी गवत पाहिलंच नाही, असं समजलं जात होतं. चंद्रपूरच्या शेणगोट्यांनी ते बदललं.

इथं एक गोष्ट तोलून सांगायला हवी. हे प्राणी गाईसारखे गवतावरच जगत होते असं नाही. त्याच गोट्यांत ताडकुळातली आणि सूचिपर्णी झाडंही आहेत, मिळेल ते खाल्लेलं दिसतं. आणि गोटा नेमका कुणाचा हे कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आकार मोठा आणि त्याच थरात लांब मानेच्या डायनासोरांची हाडं, यावरून तो निष्कर्ष काढलेला आहे. "सायंटिस्ट म्हणतात" एवढ्यावर न थांबता ते कशावरून म्हणतात हे मुलांना सांगण्याची ही नामी संधी आहे. पालकांनीही घरी हाच प्रश्न विचारावा : "कशावरून?"

लाव्हाच्या खालच्या गाळाचं झालं. लाव्हाच्या वरचा गाळ तर आपल्या हाताशी आहे. आपल्या नद्यांच्या काठी वाळूचे, गोट्यांचे, पिवळट मातीचे जुने थर आहेत. मांजरा नदीच्या अशा थरांत, लातूर जिल्ह्यात, हत्ती, पाणघोडा आणि रानबैल यांची दगड होत चाललेली हाडं पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या संस्थांच्या अभ्यासकांनी नोंदवली आहेत. डायनासोरांच्या मानानं ही अगदी कालची, काही हजार ते लाखभर वर्षांच्या हिशेबातली. पण मांजरेत पाणघोडे डुंबत होते हे ऐकल्यावर मुलांचे चेहरे बघा. मांजरा पूर्वेला आहे, सीना आपल्याजवळ. सीनेच्या काठचे जुने थर मुलांना दाखवायला फार लांब जावं लागत नाही.

मात्र हेच थर आज सगळ्यांत वेगानं जात आहेत. वाळूउपशाचं यंत्र एका रात्रीत जेवढा थर उचलतं तेवढा साचायला नदीला पिढ्यान् पिढ्या लागलेल्या असतात, आणि त्यात एखादं हाड असेल तर ते थेट कुठल्या तरी स्लॅबमध्ये जातं. थरातून निघालेल्या हाडाचं मोल निम्म्याहून जास्त त्याच्या जागेत असतं. कोणत्या थरात, किती खोल, शेजारी काय होतं हे हरवलं की ते शोभेची वस्तू उरते.

म्हणून सहल काढलीत तर मुलांना टिकाव देऊ नका. वही, पट्टी आणि एक मोबाइल पुरे. नेहमीच्या हाडापेक्षा जड लागणारा आणि मोडलेल्या टोकाला पावासारखी बारीक छिद्रं दिसणारा तुकडा मिळाला, तर तो उचलण्याआधी शेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा. एक जवळून, एक सगळी दरड दिसेल असा. जागेची खूण, तारीख आणि माथ्यापासूनची खोली वहीत लिहायची. दरडीत अडकलेला असेल तर उकरायचा नाही. फोटो डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाकडं किंवा नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाकडं पाठवायचे, आणि दरडीखाली मुलांना उभं करायचं नाही. पावसाळ्यानंतर ती कधीही ढासळते.