ऑनलाइन सभांच्या ध्वनिचित्रफिती : शोध आणि जतन

या स्मरणिकेच्या संपादनाचे काम हाती घेतले तेव्हा आम्ही सर्वप्रथम एक यादी केली. शाळेचे पहिले वर्ष ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले, अशा व्यक्तींची ती यादी होती. त्यांतील वसतिगृहाचे पहिले अधीक्षक गुरुजी आज आपल्यात नाहीत. मात्र २०२१ च्या बुद्धपौर्णिमेला, टाळेबंदी चालू असताना, माजी विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन सभेत ते जवळजवळ दोन तास बोलले होते. पहिल्या तुकडीतील मुलांची नावे त्यांनी गावांसह सांगितली होती. पहिल्या पावसाळ्यात छप्पर गळू लागले तेव्हा मुलांना कोणाच्या ओसरीवर झोपवले, धान्य कोणत्या वाडीतून आले, हेही त्यांनी सांगितले होते. यातील काहीही शाळेच्या दप्तरात लिहिलेले नाही. “त्या सभेचे रेकॉर्डिंग आहे ना,” असे आम्हांला प्रत्येकाने सांगितले. ते कोठे आहे, हे मात्र कोणालाच सांगता येईना.

त्या शोधात आम्ही जे शिकलो, ते या लेखात मांडत आहोत. टाळेबंदीच्या काळात विवाहाच्या बोलण्यांपासून शोकसभांपर्यंत किती तरी प्रसंग आपण पडद्यावर पार पाडले. त्या सभांत बोललेले अनेक वडीलधारे आता राहिले नाहीत. त्यांचा आवाज बहुधा कोठेतरी शिल्लक आहे. तो कोठे व कसा शोधावा, हे माहीत असले म्हणजे पुरे.

रेकॉर्डिंग कोणाजवळ असते?

आमची पहिली चूक अशी झाली की, आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवरील जुने निरोप धुंडाळून सभेची लिंक शोधून काढली आणि तीच उघडत बसलो. ती लिंक सभेत प्रवेश करण्याची होती. सभा संपली की तिचे काम संपते. रेकॉर्डिंगची लिंक निराळी असते आणि ती सभेनंतर तयार होते.

रेकॉर्डिंग ‘इंटरनेटवर’ असते, असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः ते एखाद्या विशिष्ट व्यक्तीच्या खात्यात किंवा संगणकात असते. म्हणून शोधाचा आरंभ यंत्रापासून न करता माणसांपासून करावा. दोन प्रश्न विचारावेत : सभा कोणाच्या खात्यावरून बोलावली होती, आणि रेकॉर्डिंगची कळ कोणी दाबली होती? या दोन व्यक्ती पुष्कळदा वेगळ्या असतात.

तिसरी गोष्ट तारखेची. आपण प्रसंगाने आठवण ठेवतो, संगणक तारखेने. ‘बुद्धपौर्णिमेची सभा’ असे त्याला विचारून उपयोग नाही. जुन्या दिनदर्शिकेत पाहिल्यावर ती पौर्णिमा २६ मे २०२१ रोजी होती, असे दिसले. ही तारीख हाती आली आणि शोधाला दिशा मिळाली.

झूमवरील सभा

झूमवरील रेकॉर्डिंग दोन ठिकाणी असू शकते : संगणकात, किंवा झूमच्या स्वतःच्या साठवणुकीत, म्हणजे क्लाउडवर. क्लाउडची सोय मुख्यतः सशुल्क खात्यांसाठी असते. विनाशुल्क खात्यावरील सभा असेल, तर तिचे रेकॉर्डिंग ज्याने केले त्याच्या संगणकात पाहावे. तेथे ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ‘झूम’ नावाचे फोल्डर असते. त्यात प्रत्येक सभेसाठी स्वतंत्र फोल्डर तयार होते आणि त्याच्या नावाचा आरंभ वर्ष, महिना, दिवस व वेळ या क्रमाने होतो. आत चित्र व आवाज असलेली एमपी४ फाइल असते, बहुधा केवळ आवाजाची एम४ए फाइलही असते. ज्यांना चित्राची गरज नाही, त्यांना ही आवाजाची छोटी फाइल फार सोयीची.

विनाशुल्क खात्यावरील सभा ४० मिनिटांनी बंद होत असे व सर्वांना पुन्हा प्रवेश करावा लागत असे, हे अनेकांना आठवत असेल. त्यामुळे एकाच सभेचे अनेक तुकडे वेगवेगळ्या फोल्डरांत पडलेले असतात. एक तुकडा सापडला म्हणजे शोध संपला, असे समजू नये.

सभा संपल्यावर झूम त्या रेकॉर्डिंगचे नेहमीच्या फाइलमध्ये रूपांतर करते. या वेळी संगणक बंद झाला, तर रूपांतर अपुरे राहते आणि फोल्डरात ‘डबल क्लिक टू कन्व्हर्ट’ अशा नावाची फाइल दिसते. ती निरुपयोगी समजून पुष्कळ जण पुसून टाकतात. तसे करू नये. तिचे नाव बदलू नये, फोल्डरातील इतर फाइलींपासून तिला वेगळी करू नये. झूम बसवलेल्या संगणकावर तिच्यावर दोनदा क्लिक केले असता राहिलेले रूपांतर पुष्कळदा पूर्ण होते.

क्लाउडवरील रेकॉर्डिंगसाठी सभा बोलावणाऱ्याने झूमच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात प्रवेश करावा, ‘रेकॉर्डिंग्ज’ हा विभाग उघडावा आणि हव्या त्या तारखेची फाइल डाउनलोड करावी. तेथे पुसलेली फाइल ३० दिवस कचरापेटीत राहते. त्या अवधीत ती परत आणता येते.

एखाद्याने सभेच्या वेळी फोनच्या पडद्याचे चित्रण केले असेल, तर ते झूममध्ये मिळणार नाही. ते त्याच्या फोनच्या गॅलरीत शोधावे.

गूगल मीट आणि टीम्स

गूगल मीटवर रेकॉर्डिंगची सोय साध्या विनाशुल्क खात्याला नसते. ती संस्थांच्या व काही सशुल्क खात्यांना असते. रेकॉर्डिंग झाले असेल, तर ते सभा बोलावणाऱ्याच्या गूगल ड्राइव्हमध्ये ‘मीट रेकॉर्डिंग्ज’ या फोल्डरात जाते. त्याची लिंक सभा बोलावणाऱ्याला आणि रेकॉर्डिंग सुरू करणाऱ्याला ईमेलने येते. म्हणून या दोघांनी आपली जुनी ईमेल त्या तारखेच्या आसपास तपासावी. फाइल सापडल्यावर तिच्याजवळच्या तीन टिंबांवर क्लिक करून ‘डाउनलोड’ निवडावे. तो पर्याय दिसत नसेल, तर मालकाने तो बंद ठेवला आहे असे समजून त्यालाच विनंती करावी.

मायक्रोसॉफ्ट टीम्सवरील अलीकडच्या सभांची रेकॉर्डिंग वनड्राइव्हमध्ये ‘रेकॉर्डिंग्ज’ या फोल्डरात ठेवली जातात, आणि एखाद्या चॅनेलमधील सभा असेल तर त्या चॅनेलच्या फाइलींत. सभेच्या चॅटमध्येही तिची लिंक दिसते. टीम्सच्या नव्या रेकॉर्डिंगला मुदत असते. संस्थेने ती बदललेली नसेल, तर १२० दिवसांनंतर फाइल आपोआप पुसली जाते.

शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी एक गोष्ट येथे सांगतो. संस्थेने दिलेल्या खात्यावरील फाइली त्या खात्याबरोबर राहतात. शिक्षक निवृत्त झाले आणि खाते बंद करून पुसले गेले की त्यातील रेकॉर्डिंगही जाण्याचा धोका असतो. निरोपसमारंभात शाल व श्रीफळ देण्यापूर्वी त्यांच्या खात्यातील सभा उतरवून घेतल्या पाहिजेत. वैयक्तिक गूगल खात्याचीही हमी धरू नये. दोन वर्षे न वापरलेली अशी खाती त्यांतील मजकुरासह पुसण्याचे धोरण २०२३ पासून लागू आहे. सभा वैयक्तिक खात्यात ठेवून नवीन खाते उघडणाऱ्यांनी जुन्या खात्यात आजच प्रवेश करून पाहावा.

थेट प्रक्षेपण झालेले कार्यक्रम

अनेक कार्यक्रम यूट्यूब किंवा फेसबुकवरून थेट दाखवले गेले. यूट्यूबवर १२ तासांपेक्षा कमी अवधीचे प्रक्षेपण साधारणतः वाहिनीवर आपोआप जतन होते. वाहिनीच्या मालकाला ‘यूट्यूब स्टुडिओ’मध्ये जाऊन स्वतःची ध्वनिचित्रफीत उतरवून घेता येते. प्रेक्षकाला यूट्यूबच्या अ‍ॅपमध्ये दिसणारे ‘डाउनलोड’ मात्र वेगळे आहे; त्यातून मिळणारी चित्रफीत त्या अ‍ॅपमध्येच पाहता येते, स्वतंत्र फाइल हाती येत नाही.

फेसबुकने फेब्रुवारी २०२५ पासून नियम बदलला आहे. आता थेट प्रक्षेपणाची फीत ३० दिवसच राहते, नंतर ती काढली जाते. जुन्या फितींनाही हा नियम लागू झाला. ‘पानावर आहे, केव्हाही पाहू,’ ही समजूत आता सोडून द्यावी. कार्यक्रम झाला त्याच आठवड्यात फीत उतरवून घेणे हेच योग्य.

अनोळखी संकेतस्थळे ‘लिंक द्या, फीत मिळवा’ असे सांगतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. कोणालाही आपला पासवर्ड वा ओटीपी देऊ नये. आपल्याच सभेचे रेकॉर्डिंग मिळवण्याचा सरळ मार्ग म्हणजे तिच्या मालकाला विचारणे.

मिळाल्यावर काय करावे?

पहिली गोष्ट, फाइल शेवटपर्यंत चालते का, हे तपासावे. दुसरी, तिचे नाव बदलून त्यात तारीख, प्रसंग आणि वक्त्याचे नाव घालावे. फक्त आकडे असलेले नाव दहा वर्षांनी कोणालाही काही सांगणार नाही. तिसरी, किमान दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात : एक हार्ड डिस्कवर, दुसरी संस्थेच्या ड्राइव्हमध्ये. केवळ पेन ड्राइव्हवर विसंबू नये. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. चित्रफीत म्हणून पाठवल्यास ती आकसते आणि दर्जा घसरतो.

चौथी गोष्ट सर्वांत कष्टाची, पण सर्वांत मोलाची. फीत ऐकून कोणत्या मिनिटाला काय सांगितले आहे, याचे एक पान लिहून ठेवावे. दोन तासांची फीत सहसा कोणी पुन्हा ऐकत नाही. ते पान मात्र वाचले जाते.

आणि संमती. सभेतील सर्वांनी सार्वजनिक होण्यासाठी तोंड उघडले होते, असे नाही. एखाद्याने घरचे दारिद्र्य सांगितले असेल, एखादी माता रडली असेल. फीत जतन करणे आणि ती सर्वांना पाठवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांच्या बाबतीत तर अधिकच जपावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे.

आमच्या शोधाचा शेवट

गुरुजींच्या सभेचे रेकॉर्डिंग एका माजी विद्यार्थ्याच्या जुन्या लॅपटॉपमध्ये निघाले. लॅपटॉपचा पडदा फुटला होता, म्हणून तो माळ्यावर टाकलेला होता. दुसरा पडदा जोडून ‘झूम’चे फोल्डर उघडले, तर २६ मे २०२१ ची तीन फोल्डरे तेथे होती. दोन तुकडे व्यवस्थित होते. तिसऱ्याचे रूपांतर चार वर्षे अडून राहिले होते. दोनदा क्लिक केल्यावर ते पूर्ण झाले. मुलांची गावांसह नावे त्याच तुकड्यात होती.

त्याच वर्षी आमच्या भोजनगृहात आयुष्य घालवलेल्या आजींचा सत्कार थेट प्रक्षेपणातून झाला होता. तो मुदतीत उतरवून घेण्याचे आमच्याने झाले नाही. ती चूक आमचीच होती. आजींचा आवाज आता कोठेही नाही. पहिल्या वर्षी किती भाकरी थापाव्या लागत, हे त्यांनी त्या दिवशी सांगितले होते, एवढेच आम्हांला आठवते. आकडा मात्र आठवत नाही.

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची विनंती आहे की, आपल्या जुन्या संगणकांत, फोनमध्ये आणि ईमेलमध्ये एकदा पाहावे. शाळेच्या सभेचा दहा मिनिटांचा तुकडा सापडला तरी तो कार्यालयात आणून द्यावा. आजींच्या सत्काराचा एखादा तुकडा कोणाच्या फोनमध्ये असेल, ही आशा आम्ही अजून सोडलेली नाही.