गिअर कोणी बदलायचा?

हातकणंगल्यात कोणत्याही चहाच्या टपरीवर घटकाभर बसले की हल्ली एक प्रश्न कानी येतो : “गाडी घ्यायची म्हणतोय. गिअरची घ्यावी की ऑटोमॅटिक?” एक म्हणतो, ज्याला गिअर बदलता येत नाही तो ड्रायव्हर कसला? दुसरा म्हणतो, यंत्र फुकट राबायला तयार असताना आपण पाय का झिजवायचा? आम्ही इंजिनिअर नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली. शिरोलीच्या एका फाउंड्रीत काम केले, काही वर्षे टेम्पो चालवला आणि पुढे कामगार संघटनेच्या कामात पडलो. यंत्राचे ज्ञान मिस्त्रींना विचारून आणि मिळतील ती पुस्तके वाचून गोळा केलेले. तेवढ्या भांडवलावर हा विषय उकलून सांगण्याचा प्रयत्न करीत आहोत.

प्रथम गिअर लागतोच कशाला ते पाहू. लहान मोटारीच्या चाकाचा घेर सुमारे १.८ मीटर धरा. ताशी १० किलोमीटर वेगाला ते चाक मिनिटात सुमारे ९३ फेरे घेते. ताशी ८० ला सुमारे ७४०. आता इंजिन पाहा. ते मिनिटाला सातआठशे फेऱ्यांच्या फार खाली गेले की बंद पडते आणि पाचसहा हजारांच्या पलीकडे ताणले की मोडते. समजा, पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या १४ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा होतो. मग ताशी १० ला इंजिन सुमारे १३०० फेरे घेईल. हे ठीक झाले. पण त्याच गिअरमध्ये ताशी ८० गाठायचे तर त्याला दहा हजारांवर फेरे घ्यावे लागतील. म्हणून पाचवा गिअर. त्यात इंजिनाच्या सुमारे ३.२ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा धरला, तर ताशी ८० ला इंजिन निवांत २४०० च्या आत फिरते. पहिल्या गिअरमध्ये जोर अधिक व वेग कमी, पाचव्यात वेग अधिक व जोर कमी. लहान दात्यांचे चाक मोठ्याला फिरवते की मोठे लहानाला, एवढाच हा खेळ आहे.

दाते बदलताना इंजिन आणि चाके यांची घटकाभर फारकत करावी लागते. ती करतो क्लच. गाडी उभी, पण इंजिन चालू, हेही क्लचमुळेच जमते. साध्या गाडीत ही फारकत डावा पाय करतो आणि गिअर डावा हात टाकतो. ऑटोमॅटिक गाडीत हीच दोन कामे यंत्र करते. वादाचा सारा विषय एवढाच.

यंत्राने ती करण्याच्या तऱ्हा मात्र वेगवेगळ्या आहेत. पहिली तेलाची. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल आणले की झाली ही युक्ती. अमेरिकेत ओल्डस्मोबाइल गाडीच्या १९४० च्या मॉडेलपासून ती सर्रास विकली जाऊ लागली. दुसरी तऱ्हा पट्ट्याची. दोन पुल्या आणि त्यांवर पट्टा; पुल्यांचे घेर वेगाप्रमाणे आपोआप लहानमोठे होतात. इचलकरंजीच्या मागवाल्यांना आणि पिठाच्या गिरणीवाल्यांना पट्टा-पुली समजावून सांगायला नकोच. कायनेटिक होंडाची स्कूटर १९८४ साली आली ती याच तत्त्वावर. आज आमच्या आयाबहिणी ज्या बिनगिअरच्या स्कूटरवर बाजाराला जातात तीही याच तत्त्वावर. म्हणजे ऑटोमॅटिक ही नवलाई आपल्या दारात केव्हाच आली आहे. तिसरी तऱ्हा सर्वांत सोपी. गिअरपेटी नेहमीचीच, क्लचही नेहमीचाच. फक्त तो दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी यंत्राचा हात. २०१४ साली मारुतीने सेलेरिओ गाडीत ही पद्धत आणली आणि ऑटोमॅटिक गाडी मध्यम मिळकतीच्या माणसाच्या आवाक्यात आली.

अमेरिकेत १९४० साली आलेली सोय आपल्याकडे रुळायला एवढी वर्षे का लागली? किंमत हे एक कारण, जादा तेल खाणे हे दुसरे. पण आम्हांला तिसरेही एक कारण दिसते. पूर्वी ज्याची मोटार असे त्याचा पाय क्लचवर नसे. पाय पगारी ड्रायव्हरचा. मालक मागच्या सीटवर. पुढे मालक स्वतः गाडी चालवू लागला, शहरात गर्दी वाढली, त्याचा स्वतःचा गुडघा दुखू लागला आणि मग क्लचचा त्रास हा त्रास म्हणून मोजला जाऊ लागला. हे आमचे मत आहे. कोणाला पटावे असा आग्रह नाही.

ड्रायव्हरच्या बाजूने हिशेब करून पाहा. हातकणंगले ते कोल्हापूर सुमारे वीस किलोमीटर. गळिताच्या हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोनदोन ट्रॉल्या ओढीत पुढे असतात. एका खेपेत दोनशे वेळा क्लच दाबला असे धरू. दिवसाच्या चार खेपांचे आठशे, वर्षाच्या तीनशे दिवसांचे दोन लाख चाळीस हजार. आकडा अंदाजाचा आहे; ज्याने त्याने आपल्या खेपेचा मोजून पाहावा. आमच्या संघटनेतला एक टेम्पोचालक पंचेचाळिशीत डाव्या पायाने लंगडू लागला. त्याचा गुडघा क्लचनेच गेला असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तो मालकाकडे गेला तेव्हा उत्तर मिळाले, “जमत नसेल तर सांग, दुसरा बघतो.” त्यानंतर मागण्यांच्या कागदावर आम्ही क्लचचा मुद्दा घातला. बैठकीत हशा पिकला. हसणाऱ्यांपैकी दोघे बाहेर आपापल्या ऑटोमॅटिक गाडीत बसून गेले.

आता दुसरी बाजू. यंत्राने गिअर बदलला म्हणून ड्रायव्हरची अक्कल रजेवर जात नाही, आणि याची परीक्षा घाटात होते. आम्ही टेम्पोवर असताना मालक डिझेल मोजून देई. वाचवायचे म्हणून आंबा घाट न्यूट्रलवर उतरण्याची खोड आम्हांलाही लागली होती. एकदा गुळाच्या ढेपा भरून रत्नागिरीकडे उतरताना ब्रेक तापले, जळका वास आला आणि पेडल पायाखाली मऊ पडले. डोंगराच्या अंगाला गाडी घासून थांबवली म्हणून आज हे लिहितो आहोत. जुने ड्रायव्हर सांगत, ज्या गिअरने चढशील त्याच गिअरने उतर. त्यात शास्त्र आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनच चाकांना धरून ठेवते आणि ब्रेकवरचा भार हलका होतो. शिवाय आजच्या इंजिनात, गाडी गिअरमध्ये असून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, की इंधन तोडले जाते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते. म्हणजे जीव धोक्यात घालून बचत शून्य!

ऑटोमॅटिक गाडीतही हा नियम सुटत नाही. काही नव्या गाड्या उतार ओळखून खालचा गिअर आपण होऊन धरतात, सगळ्याच नव्हे. नुसती ‘डी’ वर सोडून दिली तर यंत्र वरचा गिअर टाकण्याची शक्यता असते. म्हणून दांड्यावर ‘एल’, ‘२’ किंवा ‘एम’ अशी जी जागा असेल ती कशासाठी आहे हे गाडी घेतानाच विचारून घ्यावे. चढावरही एक सावधगिरी हवी. चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर गाड्यांची रांग लागली की क्लचप्लेट जळल्याचा वास सर्वांना परिचित आहे. यंत्राच्या हाताची जी तिसरी तऱ्हा सांगितली, तिच्यातही क्लचप्लेट तीच आहे. ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर तीही जळते. तेथे ब्रेक किंवा हँडब्रेकच लावावा.

मग घ्यावी कोणती? गर्दीत रोज जाणे-येणे असेल, गुडघे कुरकुरत असतील, तर ऑटोमॅटिक घेण्यात कमीपणा नाही. यंत्राच्या हाताची गाडी साधीपेक्षा चाळीसपन्नास हजारांनी महाग पडते, तेल मात्र जवळपास तेवढेच खाते. आडगावी राहणे असेल, दुरुस्ती कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडून करून घ्यायची असेल, तर साधी बरी. शिकताना मात्र क्लचच्या गाडीवर शिकावे. गाडी काय करते आहे हे त्यात पायाला कळते.

एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली. १ जून २०२२ रोजी त्याच रस्त्यावर ‘शिवाई’ ही विजेची बस सुरू झाली. विजेची मोटर पहिल्या फेऱ्यापासूनच पुरा जोर देते, म्हणून तिला क्लच नाही आणि बदलायचे गिअरही नाहीत. चौऱ्याहत्तर वर्षांत ड्रायव्हरच्या डाव्या पायावरचा भार उतरला, ही चांगली गोष्ट झाली. पण पाय मोकळा झाला म्हणून त्याच पगारात दोन खेपा वाढवल्या, तर यंत्राने वाचवलेले श्रम मालकाच्या खात्यावर जमा झाले असे म्हणावे लागेल. तेव्हा नवी बस, नवा टेम्पो घेणाऱ्यांनी किंमत आणि ॲव्हरेज जरूर विचारावे. पण त्याआधी जो ती रोज आठ तास चालवणार आहे त्याला एकदा विचारावे.