वनस्नान

स्नान म्हटलें कीं पाणी आलेंच. परंतु जपान देशांत चाळीस वर्षांहून अधिक काळ एका निराळ्याच स्नानाची चाल पडली आहे. तेथील भाषेंत त्यास ‘शिनरिन-योकु’ म्हणतात. ‘शिनरिन’ म्हणजे अरण्य आणि ‘योकु’ म्हणजे स्नान. ह्या स्नानास घंगाळ नको, साबण नको. वनांत जावें, तेथील हवा, उजेड, वास आणि शांतता यांत सावकाश हिंडावें, वाटेल तेथें बसावें, एवढाच त्याचा विधि. मराठींत आम्ही त्यास वनस्नान म्हणतों. ह्यानें मनास खरोखर कांहीं लाभ होतो, कीं हा केवळ सुखवस्तु लोकांचा छंद आहे, हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं विचारण्याजोगा आहे. कारण ज्या घरीं परीक्षा जवळ आली आहे, त्या घरीं झाडांखालीं घालविलेला तास हा बुडालेला तास समजण्यांत येतो.

नांव ऐकून पुष्कळांस वाटतें कीं ही कोणा बौद्ध भिक्षूनें घालून दिलेली प्राचीन रीत असावी. तसें नाहीं. हें नांव १९८२ सालचें असून तें तेथील सरकारी जंगलखात्यानें काढलें. त्या वेळीं खात्याचे मुख्य तोमोहिदे आकियामा हे होते. जपानची सुमारें दोनतृतीयांश भूमि वनांनीं व्यापलेली आहे. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर लोक खेडीं सोडून शहरांत गेले आणि कचेऱ्यांत व कारखान्यांत राबूं लागले. इतके कीं, कामाच्या अतिभारानें येणाऱ्या मृत्यूस ‘करोशी’ असा स्वतंत्र शब्दच त्या भाषेंत रूढ झाला. थकलेलीं माणसें वनांत यावीं, आणि वनांसहि कोणी चाहता मिळावा, असा खात्याचा दुहेरी हेतु होता. लाभ होतो किंवा नाहीं हें तेव्हां कोणी मोजून पाहिलें नव्हतें. आधीं बारसें झालें, पत्रिका मागाहून मांडली.

पहिला मेळावा ज्या वनांत भरला तें आकासावाचें वन नागानो प्रांतांतील किसो खोऱ्यांत आहे. तेथें हिनोकि नांवाचे उंच, सुगंधी वृक्ष आहेत. आपल्या सरूचे ते भाऊबंद. सतराव्या शतकांत किल्ले व नगरें बांधण्यासाठीं ह्या खोऱ्यांत बेसुमार तोड झाली, आणि मग तेथील ओवारी घराण्याच्या सत्ताधीशांनीं कडक बंदी घातली: एका झाडास एक मुंडकें. आज तेथील झाडें सुमारें तीनशें वर्षांचीं दिसतात, तीं ह्या भयाच्या आश्रयानें वाढलेलीं आहेत. बंदी अर्थात् लांकडाच्या लोभानें घातलेली होती, कोणाच्या मनःशांतीसाठीं नव्हे. पण तिचें फळ आजच्या लोकांच्या पदरीं पडलें.

मोजमाप पुढें सुरू झालें. १९९० सालीं योशिफुमि मियाझाकि यांनीं याकुशिमा बेटावरील वनांत एक छोटा प्रयोग केला. नंतर त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं देशांतील २४ वनांत मिळून २८० तरुणांची परीक्षा घेतली व तिचा वृत्तांत २०१० मध्यें छापला. रीत साधी होती. प्रत्येक ठिकाणीं अर्धे तरुण पहिल्या दिवशीं वनांत व अर्धे शहरांत पाठवावयाचे. दुसऱ्या दिवशीं त्यांची अदलाबदल करावयाची. दोन्हीकडे सुमारें पाव तास चालावयाचें व पाव तास नुसतें बसून पाहावयाचें. वनांत त्यांची नाडी मंद चालली, रक्ताचा दाब किंचित् उतरला, आणि लाळेंतील कॉर्टिसॉल कमी भरलें. कॉर्टिसॉल हा मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींतून सुटणारा रस होय. संकट आलें कीं तो वाढतो आणि शरीरास पळण्यासाठीं वा झगडण्यासाठीं सज्ज करतो. पुढें वाघ उभा असतां तो उपकारकच. परंतु गणिताच्या धास्तीनें तो महिनोन्‌महिने चढलेला राहिला, तर झोप बिघडते आणि पाठ केलेलें ऐन वेळीं आठवत नाहीं.

वनाच्या वासाविषयींहि शोध झाले आहेत. झाडें किडींपासून व बुरशींपासून स्वतःचा बचाव करण्यासाठीं कांहीं उडून जाणारीं द्रव्यें सोडतात. त्यांस बोरिस टोकिन ह्या रशियन शास्त्रज्ञानें ‘फायटनसाइड’ असें नांव दिलें. टोकियोचे डॉक्टर चिंग ली यांनीं २००५ सालीं शहरांतील बारा नोकरदार पुरुषांस तीन दिवस वनांत नेलें, तेव्हां त्यांच्या रक्तांतील, रोगट पेशींस मारणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींचा जोर वाढलेला आढळला. गोष्ट नवलाची खरी. पण बाराच जणांवरून वनास धन्वंतरि ठरविणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

मनाविषयींचा विचार आम्हांस अधिक पटतो. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत रेचेल व स्टीफन कॅप्लन ह्या पतिपत्नींनीं असें प्रतिपादन केलें कीं लक्ष दोन प्रकारचें असतें. एक ओढून लावावें लागतें. भूमितीचा सिद्धांत वाचतांना रस्त्यावरचा बॅंड, शेजारच्या घरची फोडणी, खिशांतला दूरध्वनि, ह्या साऱ्यांस मनाच्या दारावर अडवून धरावें लागतें. हा दारवान थकतो. तो थकला कीं मनुष्य चिडतो, चुका करतो, एकच ओळ चार वेळां वाचतो. दुसरें लक्ष आपोआप लागतें. पानांची सळसळ, ओढ्याचें पाणी, खोडावरून जाणारी मुंग्यांची रांग, हीं मनास हळूच धरतात, खेंचीत नाहींत. तेवढ्या वेळांत दारवानास डुलकी मिळते. शहरांतील रस्त्यावर ती मिळत नाहीं, कारण तेथें बेसावध राहिल्यास गाडीखालीं जाण्याचें भय!

ह्याची परीक्षा त्याच विद्यापीठांत मार्क बर्मन व त्यांच्या सोबत्यांनीं घेऊन २००८ सालीं प्रसिद्ध केली. विद्यार्थ्यांस अंकांची माळ ऐकवून ती उलट्या क्रमानें म्हणावयास सांगत. मग त्यांस सुमारें पाऊण तासाहून थोडें अधिक, एकदां वृक्षोद्यानांत व एकदां गर्दीच्या रस्त्यानें, चालावयास पाठवून पुन्हां तेंच विचारीत. वृक्षोद्यानांतून आलेल्यांची उत्तरें अधिक सुधारलीं. ह्यांत आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें तें हें, कीं कडक थंडींत जे गेले त्यांस त्या फेरींत मौज वाटली नाहीं, तरी लाभ तितकाच झाला. तेव्हां हा गुण केवळ करमणुकीचा नव्हे.

कांहीं मनांचें दुःख निराळें असतें. तीं झालेल्या गोष्टींचें चऱ्हाट वळीत बसतात: मी असें कां बोललों, ते मला काय म्हणाले असतील. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१५ च्या प्रयोगांत जे दीड तास झाडाझुडपांतून चालले त्यांचें हें घोळणें कमी झालें. जे रहदारीच्या रस्त्यानें चालले त्यांचें झालें नाहीं. मात्र ज्याचें मन खरोखर आजारी आहे त्यास वैद्याकडेच नेलें पाहिजे. वन त्याच्या जागीं उभें राहूं शकत नाहीं.

स्नान हें नांव सार्थ व्हावयाचें तर घाई वर्ज्य. डॉक्टर ली यांनीं आपल्या मंडळीस दोन तासांत अवघे अडीच किलोमीटर चालविलें. शिखर गांठण्याची पैज लावून धांवणारा मुलगा व्यायाम करतो, आणि तो चांगलाच आहे. पण तें स्नान नव्हे. सहलीस जाऊन मोठ्यानें गाणीं लावणाऱ्या मंडळीविषयीं आम्ही कांहीं न बोलणें बरें. शिवाय कसलींहि झाडें चालतात असेंहि नाहीं. जपानांत महायुद्धानंतर लांकडासाठीं सुगि नांवाच्या एकाच जातीच्या झाडांची प्रचंड लागवड झाली. त्यांच्या परागांनीं दर वसंत ऋतूंत असंख्य लोकांचे डोळे चुरचुरतात व नाकें वाहतात. ज्या देशानें वनस्नान काढलें, त्याच देशांतील लोक त्या दिवसांत वनापासून तोंड झांकून घेतात.

ज्यांस वन दूर आहे त्यांच्यासाठीं एक जुना शोध सांगण्याजोगा आहे. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत एका इस्पितळाच्या कांहीं खोल्यांच्या खिडकींतून झाडें दिसत, कांहींच्या खिडकींतून विटांची भिंत. रॉजर उल्‌रिच यांनीं पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रोग्यांचीं टिपणें, शक्य तितके सारखे रोगी जोडीनें घेऊन, ताडून पाहिलीं व निष्कर्ष १९८४ सालीं छापला. भिंत पाहणारे सरासरी ८.७० दिवसांनीं घरीं गेले; झाडें पाहणारे ७.९६ दिवसांनीं, आणि वेदना शमविण्याचीं तीव्र औषधेंहि त्यांनीं कमी मागितलीं.